दुसरा ड्रायव्हर

मालेगावच्या एका उर्दू शाळेत आम्ही मराठी शिकवतो. हे गावात बऱ्याच जणांना ठाऊक आहे. ठाऊक नाही ते हे, की त्याआधी सव्वादोन वर्षे आम्ही ट्रकवर ड्रायव्हर होतो. नॅशनल परमिटची दहा चाकी गाडी, मालेगाव ते पाली, राजस्थान. या सव्वादोन वर्षांत आम्ही एकदाही स्टिअरिंगवर बसलो नाही की गुजरातची हद्द ओलांडली नाही. तरीही रजिस्टरात आमचे नाव होते, ड्यूटीचे तास होते, महिन्याच्या शेवटी सही होती. सही खरी होती. बाकी मजकूर खोटा. आणि तोही आमच्याच अक्षरात.

('आम्ही' म्हणजे एकटेच. घरात 'हम' म्हणायची सवय, ती मराठीतही सुटली नाही. शाळेतले सहकारी यावरून चिडवतात. पण या हकीकतीपुरते तरी 'मी' लिहायला हात धजत नाही.)

अक्षराची गोष्ट आधी सांगितली पाहिजे. उर्दू शाळेत खुशखतीला मोठा मान. आमच्या उस्तादांनी बरूच्या कलमाने अलिफ-बे गिरवून घेतले होते. तोच हात पुढे देवनागरीलाही वळला. अब्बा ज्या सेठकडे ड्रायव्हर होते, त्यांच्या सात गाड्या होत्या. आग्रा रोडवर ऑफिस म्हणजे एक लांबट खोली, एक टेबल, बिल्ट्यांचे गठ्ठे आणि मुन्शी चाचा. २००४ साली आम्ही नववीत असताना एकदा अब्बांचा डबा द्यायला गेलो, तेव्हा मुन्शी चाचांनी आमची वही उघडून पाहिली आणि म्हणाले, "माशाअल्लाह, अक्षर आहे की छापखाना! बेटा, महिन्यातून एक दिवस येत जा. पन्नास रुपये देईन."

काम सोपे होते. जाडजूड रजिस्टर. तारीख, गाडी नंबर, ड्रायव्हरचे नाव, ड्यूटी सुरू, विश्रांती, ड्यूटी समाप्त, सही. मुन्शी चाचा त्याला लॉगबुक म्हणत. महिनाअखेरीस ते बिल्ट्यांवरून तारखा सांगत आणि आम्ही सगळा महिना एका बैठकीत भरून टाकत असू. सुरू ८ वाजता. साडेबारा ते एक विश्रांती. समाप्त ५ वाजता. नववीतल्या पोराला हे वेळापत्रक ओळखीचे वाटले. आमच्या रजिस्टरातला ट्रक शाळेच्या घंटेवर चालत होता!

पहिल्याच महिन्यात मुन्शी चाचांनी एक धडा दिला. रोज आठ लिहू नकोस. कधी ७.५० लिही, कधी ८.१०. पेनही मध्येच बदल. "झूठ को भी थोड़ी धूल लगनी चाहिए." पुढे बी.एड.ला अध्यापनाच्या अनेक पद्धती शिकलो, पण एका वाक्यात इतका पक्का धडा कुणी दिला नाही. एकदा आम्ही घाईघाईत ३१ नोव्हेंबरलाही गाडी चालवली. पाच वाजता ड्यूटी समाप्त केली, सहीची जागा सोडली. दोन महिन्यांनी पाहिले तर त्या पानावर तपासणीचा शिक्का बसलेला होता आणि नोव्हेंबरचा एकतिसावा दिवस सरकारदरबारी मंजूर झाला होता.

हे सगळे कशासाठी लिहायचे, हे तेव्हा विचारले नाही. पन्नास रुपये मिळत होते. कायदा आम्हाला फार उशिरा कळला, तोही एका वकिलाच्या टेबलावर. १९६१ साली मोटार परिवहन कामगार कायदा झाला होता. ड्रायव्हरने दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांहून जास्त काम करायचे नाही. लांब पल्ल्याच्या गाडीवर फार तर दहा आणि चोपन्न. पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती. एक दिवसाची ड्यूटी संपल्यापासून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास मोकळे. आठवड्यातून एक सुट्टी. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानेही हेच तास ड्रायव्हरला लागू केले होते. वाचताना वाटले, हा कायदा लिहिणाऱ्याचे वडील ड्रायव्हर असावेत. मात्र सुरुवातीलाच एक फट होती: पाच किंवा जास्त कामगार असलेल्या धंद्यालाच तो आपोआप लागू. एक-दोन गाड्यांच्या मालकाला सहसा विचारणारे कुणी नाही. आमच्या सेठच्या गाड्या सात होत्या, म्हणून रजिस्टर होते. आणि रजिस्टर होते, म्हणून आम्ही.

आता गणित पाहा. मालेगावहून धुळे, साक्री, नवापूर, सुरत, अहमदाबाद करत पाली सुमारे नऊशे किलोमीटर. मागमाग भरलेला कोरा माल, ज्याला आमच्याकडे ग्रे म्हणतात, रंगाई-छपाईसाठी पाली-बालोतऱ्याला जातो. गाठींनी भरलेला ट्रक घाट, गावे, नाके धरून तासाला पस्तीसची सरासरी देतो. म्हणजे नुसते चाक फिरायला पंचवीस-सव्वीस तास. आठ तासांच्या दिवसाने हे तीन दिवसांहून जास्त झाले. सेठ गुरुवारी रात्री गाडी भरून देत आणि सांगत, शनिवारी सकाळी माल उतरला पाहिजे. उशीर झाला तर व्यापारी भाडे कापत असे आणि ते कापलेले भाडे अब्बांच्या भत्त्यातून जात असे. कायद्याचे तास आणि भाड्याचे तास यांची बेरीज जमत नव्हती. ती जमवण्याचे काम आमच्याकडे होते.

अब्बा या गोष्टीवर कधी रागावून बोलत नसत. एकदा एवढेच म्हणाले होते, "सफर में अल्लाह ने नमाज़ आधी कर दी, और सेठ ने काम दुगना." प्रवाशाला चार रकाती फर्ज नमाजच्या जागी दोनच पढण्याची सवलत असते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अब्बांच्या आयुष्यात ड्यूटी हलकी करणारा तेवढा एकच नियम खरोखर अमलात येत होता.

ते घरी आले की आम्हा भावंडांना बोलायची बंदी असे. अम्मी दारावर पडदा सोडी, शेजारच्या मागाचा खडखडाट मात्र थांबवता येत नसे. पण त्याने अब्बांची झोप मोडत नसे. उलट खडखडाट थांबला की ते दचकून उठत. झोपेत त्यांचा उजवा पाय हलायचा. टाच टेकलेली, चवडा पुढे दाबल्यासारखा. लहानपणी आम्हाला ती गंमत वाटे. धाकटी बहीण म्हणे, अब्बा ब्रेक मारतात. ईदच्या दिवशी नमाजहून आल्यावर शिरखुर्म्याची वाटी हातात घेऊन बसल्याबसल्या झोपलेले अब्बा, ही आमच्या घरातल्या ईदची आठवण आहे.

रस्त्यावर जागे राहण्याचे त्यांचे उपाय साधे होते. तंबाखू-चुना. हिरवी मिरची चावणे. ओला टॉवेल मानेवर. थंडीत काच उघडी ठेवून अंगातला शर्ट काढणे. राजस्थानकडच्या रस्त्यावर डोडा घेणारे पुष्कळ होते. अब्बांनी कधी शिवला नाही. झोपेची त्यांची हक्काची जागा एकच होती: नवापूरची रांग. हद्दीवर विक्रीकराचा नाका, आरटीओचा नाका, कागदांची तपासणी, आणि त्यापायी तासन्‌तास उभी असलेली गाड्यांची ओळ. सगळे व्यापारी त्या रांगेला शिव्या देत. अब्बा तिथे स्टिअरिंगवर डोके टेकवून झोपत आणि गाडी दहा फूट पुढे घ्यायची वेळ आली की क्लीनर त्यांना हलवी.

हा क्लीनर आमच्याच गल्लीतला. आमच्याहून दोन वर्षांनी लहान. सातवीत शाळा सोडली, दोन वर्षे मागावर कांड्या भरल्या आणि मग अब्बांच्या मागे लागून गाडीवर चढला. अब्बांना उस्ताद म्हणायचा, आम्हाला भाई. क्लीनरचे काम टायर ठोकून पाहणे, काच पुसणे, ताडपत्री बांधणे असे लोक समजतात. रात्री दोननंतर त्याचे खरे काम एकच, उस्तादाशी बोलत राहणे. हा पोरगा बोलण्यात पटाईत होता. पाहिलेल्या सिनेमांच्या गोष्टी तो नवापूर ते भरूच पुरवून सांगे, आणि न पाहिलेल्यांच्याही. त्याचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. त्याला विचारले होते. तो म्हणाला, राहू द्या भाई, आधी कुठे लिहिले होते!

आता दुसऱ्या ड्रायव्हरकडे येतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत नॅशनल परमिटच्या जड गाड्यांना काही अटी होत्या. एक अट रंगाची, सुक्या पानासारखा तपकिरी. दुसरी अट अशी, की गाडीवर कमीत कमी दोन ड्रायव्हर असावेत आणि चालकाच्या मागे गाडीच्या पूर्ण रुंदीची बैठक असावी, म्हणजे एक चालवील तेव्हा दुसरा पाय पसरून झोपेल. बैठक सगळ्या गाड्यांत होती. दुसरा ड्रायव्हर बहुतेक गाड्यांत नव्हता. त्याचा पगार कोण देणार? मग लायसन्सची झेरॉक्स लावायची. कुणाचा भाऊ, कुणाचा मेहुणा, गॅरेजचा मिस्त्री. २०१० साली आम्हाला वीस वर्षे पूर्ण झाली तेव्हा सेठने स्वतःच्या खर्चाने एजंटामार्फत आमचे हेवी लायसन्स काढून दिले. परीक्षेचा एक दिवस मोटार ट्रेनिंगच्या ट्रकवर बसलो, शंभर पावले गाडी हलली, पास झालो. अम्मी खूश झाली की पोराच्या हाती एक कागद आला. आम्ही तेव्हा बी.ए.ला होतो. कॉलेजच्या हजेरीत आम्ही मालेगावात असू आणि त्याच तारखेला रजिस्टरात पालनपूरजवळ गाडी हाकत असू. दोन्हीकडे हजेरी पूर्ण.

२०१२ साली बी.एड.ला प्रवेश घेतला. तेव्हा तो अभ्यासक्रम एका वर्षाचा होता. तिथे सराव पाठ, पाठ टाचण, निरीक्षण वही. दुसऱ्याचा न पाहिलेला पाठ पाहिला म्हणून वही भरणारे बरेच होते आणि आमच्या वहीवर धूळ इतकी बेताने बसवलेली असे की मित्र ती नकलायला मागत. गंमत म्हणजे शाळेतही एक लॉगबुक असते. मुख्याध्यापकांनी वर्गात बसून पाठ पाहायचा आणि त्यात शेरा लिहायचा. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. नोकरी करायची आहे.

जानेवारी २०१३. पालीहून तयार माल भरून अब्बा परत येत होते. अहमदाबादच्या अलीकडे एकदा दोन तास डोळा लागला होता, तेवढीच झोप. नवापूरला त्या रात्री नेमकी रांग नव्हती. कोंडाईबारीचा घाट त्यांनी व्यवस्थित पार केला. घाटात ड्रायव्हर झोपत नाही, असे अब्बा म्हणतात. घाट संपला, दहिवेल मागे पडले, सपाट सरळ रस्ता लागला. पहाटेचे चार. पोरगा बोलता बोलता थांबला, म्हणजे त्यालाच झोप लागली. पुढे कापसाने भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली पंक्चर होऊन उभी होती. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, नुसते दगड लावलेले. ट्रॉलीवाले रस्त्याकडेला शेकत बसले होते, ते वाचले. अब्बांनी शेवटच्या क्षणी स्टिअरिंग उजवीकडे ओढले. गाडीची डावी बाजू ट्रॉलीत घुसली. डावीकडे पोरगा होता.

धुळ्याच्या दवाखान्यात आम्ही सकाळी दहाला पोचलो. अब्बांच्या कपाळावर सात टाके. पोराचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला होता. व्हरांड्यात मुन्शी चाचा बसले होते. त्यांनी आम्हाला बाजूला घेतले आणि हळू आवाजात म्हणाले, "बेटा, रजिस्टरप्रमाणे त्या वेळी गाडी तू चालवत होतास."

आम्हाला आधी अर्थच लागेना. त्यांनी समजावून सांगितले. अब्बांची ड्यूटी आम्ही नेहमीप्रमाणे पाचला संपवत असू आणि रात्रीचा भाग दुसऱ्या ड्रायव्हरच्या नावावर टाकत असू. अब्बांवर आधी एक जुनी केस होती, लायसन्स जाण्याची भीती होती. आमचे लायसन्स कोरे. भारतीय दंड विधानाचे २७९ आणि ३३८ लागेल, जामीन लगेच होईल, सेठ वकील देतील. मुन्शी चाचा वाईट माणूस नव्हते. सात गाड्यांचा कागद जुळवत बसलेला म्हातारा माणूस. त्याला हा मार्ग खरोखरच सगळ्यांच्या सोयीचा वाटत होता. आम्ही काही बोललो नाही. कबूल करतो, एक क्षण मनात पहिला विचार आला तो असा: पोलीस केस झाली तर नोकरीच्या वेळी चारित्र्य पडताळणीचे काय?

अब्बांनी पडल्यापडल्या ऐकले असावे. त्यांनी हाक मारली. पोलिसांचा जमादार येऊन उभाच होता. अब्बा त्याला म्हणाले, "गाडी मी चालवत होतो, साहेब. डोळा लागला." मग मुन्शी चाचांकडे पाहून म्हणाले, "इसका नाम मत लेना." एवढेच. कुठल्या दिवशी किती तास चालवली, हे जमादाराने विचारले नाही आणि अब्बांनी सांगितले नाही.

तिसऱ्या रात्री मुन्शी चाचा घरी आले. आमचे नाव रजिस्टरात राहिले तर प्रश्न उठेल, की दुसरा ड्रायव्हर कुठे होता? म्हणून तीन महिन्यांचे रजिस्टर नवे लिहायचे. दुसऱ्या ड्रायव्हरच्या जागी सेठच्या ओळखीतल्या एकाचे नाव, आणि अपघाताच्या आदल्या दिवशी तो आजारी पडून सुरतला उतरला असा शेरा. बदल्यात अब्बांचा जामीन, वकील, दवाखान्याचे बिल सेठकडे. त्या रात्री ऑफिसच्या खोलीत आम्ही दोन रंगांच्या शाईने, चार पेनांनी तीन महिने लिहून काढले. फजरची अजान झाली तेव्हा शेवटचे पान उरले होते. तेव्हा कुठे आम्ही विचारले, "चाचा, क्लीनरचे नाव कुठे टाकू?"

ते म्हणाले, "रकाने दोनच आहेत, बेटा."

खरेच दोन होते. पहिला ड्रायव्हर, दुसरा ड्रायव्हर. आम्ही पेनाचे टोपण लावले.

या दोन रकान्यांचा अर्थ दीड वर्षाने कळला. २०१४ च्या जूनमध्ये आम्ही शिक्षण सेवक म्हणून शाळेत लागलो. त्याच पावसाळ्यात एका संध्याकाळी त्या पोराची आई घरी आली. आम्ही तिला खाला म्हणतो. तिने भरपाईसाठी दावा लावला होता. १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात पगार, वय आणि अपंगत्व यांचे एक कोष्टक होते, त्याप्रमाणे रक्कम ठरत असे. चूक कुणाची, हे बहुधा विचारत नसत. सिद्ध करायचे असे ते एवढेच, की माणूस कामावर होता. आणि सेठच्या वकिलाने उत्तर दिले होते, की हा मुलगा आमच्याकडे कामाला नव्हता. ड्रायव्हरच्या ओळखीने फुकट बसून येत असेल. गाडीवर दोन ड्रायव्हर असतात, सोबत रजिस्टर जोडले आहे.

खाला दारातच बसली. म्हणाली, "बेटा, तिथले लिहायचे काम तूच करतोस ना? माझ्या पोराचे नाव असेलच की त्यात. जरा बघून सांग."

आम्ही म्हणालो, बघतो. अम्मीने चहा ठेवला होता, तो न घेताच ती गेली. आणि बघायचे काय होते? सात वर्षांच्या पानांत ते नाव एकदाही आलेले नव्हते, हे आमच्याइतके कुणाला माहीत असणार. आधीच्या सव्वादोन वर्षांत तर त्याच्या जागेवर आम्ही स्वतः बसलो होतो. रात्रभर उस्तादाला जागे ठेवणारा तो, आणि रात्रीची ड्यूटी आमच्या नावावर.

आठ-दहा दिवस आम्ही शाळेत नीट शिकवले नाही. मग तिच्या वकिलाकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले, कायद्याचे पुस्तक पुढे केले (वर लिहिलेली कलमे तिथेच पहिल्यांदा वाचली) आणि स्वच्छ सांगितले, "मास्तर, तुम्ही कोर्टात उभे राहून म्हणणार, की हे रजिस्टर मी एका रात्रीत बनवले. मुलाला पैसे मिळतील. तुमचे काय होईल, याची हमी मी देत नाही." अब्बांना विचारले. त्यांनी तेव्हा गुन्हा कबूल करून दंड भरला होता, ड्रायव्हरी सोडून एका सायझिंगवर रात्रीचे वॉचमन झाले होते. ते उत्तरादाखल काही बोलले नाहीत. तारखेच्या दिवशी पहाटे उठून त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि आमच्या आधी एस.टी. स्टँडवर जाऊन उभे राहिले.

नाशिकच्या कामगार न्यायालयाच्या बाहेर आम्ही चौघे बाकावर बसलो. खाला, कुबडी घेतलेला तो, अब्बा, आम्ही. अकराला मुन्शी चाचा आले. त्यांनी आम्हाला पाहिले, आमच्या हातातली पिशवी पाहिली. पिशवीत मालेगावच्या कॉलेजची हजेरीची नक्कल आणि आमच्या अक्षराच्या जुन्या वह्या होत्या. ते आत गेले, सेठच्या वकिलाशी बोलले. अर्ध्या तासात तडजोड निघाली. दीड लाख. कोष्टकाप्रमाणे बरेच जास्त बसत होते. वकील म्हणाले, लढू या, साक्षीदार तयार आहे. खालाने विचारले, किती दिवस? वर्ष, दोन वर्षे, वरचे कोर्ट धरून आणखी. ती मुलाकडे पाहू लागली. त्याने मान हलवली.

आमचे नाव पुकारलेच गेले नाही. ज्या क्षणी तडजोडीवर अंगठा उठला, त्या क्षणी आमच्या छातीवरचे ओझे उतरले, आणि ते उतरले याची आजवर लाज वाटते. कोष्टकापेक्षा जितके कमी त्याला मिळाले, तितकी आमची नोकरी वाचली, असा तो हिशेब आहे. परतीच्या एस.टी.त तो खिडकीशी बसून अब्बांना कुठल्याशा सिनेमाची गोष्ट सांगत होता. चांदवडच्या घाटात अब्बा झोपले तरी तो सांगतच राहिला.

आज तो आग्रा रोडवरच्या एका वजनकाट्यावर पावत्या फाडतो. गाडी नंबर, भरलेले वजन, रिकामे वजन, वेळ. त्याचे अक्षर किड्यामुंग्यांसारखे आहे, पण एकही आकडा चुकत नाही.

गाड्यांचे जग या वर्षांत पुष्कळ बदलले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि विक्रीकराचे नाके उठले. वर्तमानपत्रांनी लिहिले, वाहतुकीचा वेळ वाचला. वाचला खरा, अब्बा मात्र बातमी ऐकून म्हणाले, मग आता पोरे झोपतील कुठे? २०१८ साली नॅशनल परमिटवरची दोन ड्रायव्हरांची अटच सरकारने काढून टाकली. म्हणजे जे कागदावर होते, तेही राहिले नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरी यांनी विमानाच्या वैमानिकांप्रमाणे ट्रकचालकांचेही तास ठरले पाहिजेत, असे सांगितले; आम्हाला वाटले, १९६१ साली ठरलेच होते की. तो कायदाही आता २०२० च्या नव्या संहितेत विलीन झाला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. मधल्या काळात, २०२४ च्या पहिल्याच दिवशी ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत कैद, या नव्या तरतुदीविरुद्ध. मनमाडजवळच्या पानेवाडीतून टँकर निघेनात, आमच्या पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. सरकारने आश्वासन दिले, संप मिटला, जुलैत न्याय संहिता लागू झाली तेव्हा ते उपकलम बाजूला ठेवले गेले. शिक्षकांच्या खोलीत त्यावर बरीच चर्चा झाली. कैदेचे वर्षच सगळे मोजत होते. चालवण्याचे तास कुणी मोजलेले आमच्या कानावर आले नाही.

आमचा मामेभाऊ आता सुरत-अहमदाबाद लाइनवर आहे. त्याच्या सेठकडे रजिस्टर नाही, संगणक आहे. महिन्याचा तक्ता छापून निघतो. सुरू ८, समाप्त ५. धूळसुद्धा लावत नाहीत. आणि त्याच सेठच्या खिशातल्या मोबाइलवर फास्टॅगचा निरोप येतो: सोनगडजवळच्या नाक्यावर रात्री २ वाजून ४० मिनिटे, करजणला सकाळी ७ वाजून १५. गाडी कधी चालली, कधी उभी राहिली, मिनिटामिनिटाचे खरे लॉगबुक तिथे आहे. सेठ ते रोज वाचतात. गाडी कुठे जास्त वेळ उभी राहिली, हे विचारायला त्यांचा फोन येतो.

मागच्या महिन्यात मामेभाऊ एका संध्याकाळी आला. एका केमिकल कंपनीचे भाडे मिळत होते. तिथे गेटवर दोन ड्रायव्हर दाखवल्याशिवाय गाडी आत घेत नाहीत. चहा पिताना सहज म्हणाला, "भाई, तुमच्याकडे हेवी लायसन्स होते ना?"

आम्ही सांगितले, २०१३ लाच मुदत संपली. पुन्हा काढले नाही.

"मग ओळखीत कुणाचे?"

आम्ही नाही म्हणालो. तो वाईट वाटून न घेता उठला. त्याला नऊला गाडी काढायची होती. अब्बा आतल्या खोलीतून बाहेर आले, चप्पल पायात सरकवली आणि त्याच्याबरोबर कोपऱ्यापर्यंत गेले. दारातून आम्हाला त्यांचा आवाज ऐकू येत होता. नवापूरच्या पुढे उजव्या हाताला एक जुना धाबा आहे, मागे चिंचेखाली गाडी लावायला जागा आहे, तिथे दोन तास थांब, असे ते सांगत होते. मामेभाऊ म्हणाला, फुफा, तो धाबा केव्हाच पाडला, रस्ता रुंद झाला. मग अब्बा थोडा वेळ थांबले आणि त्याच्या पुढची जागा सांगू लागले.